शंभर मीटरच्या आत आणि बाहेर

झाशी जिल्ह्यात रंगून नावाचे एक ठिकाण आहे. तिथे गनर बर्किल नावाच्या माणसाची कबर होती. गनर म्हणजे तोफखान्यातला साधा शिपाई. इतिहासाच्या कुठल्याही प्रसिद्ध पानावर या बर्किलचे नाव नाही. तरी भारत सरकारच्या दप्तरी त्याची कबर कित्येक दशके ‘राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक’ होती. कायद्याच्या लेखी तिचा दर्जा अजिंठ्याइतकाच. मार्च 2024 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 18 स्मारके यादीतून वगळण्याचे ठरवले, त्यांत ही कबर होती. कारण एवढेच, की शोधूनही ती सापडेना. तिच्याबरोबर हरियाणातल्या मुजेसरचा कोस मिनार गेला, दिल्लीतली बाराखंबा दफनभूमी गेली, वाराणसीच्या तेलिया नाल्यावरचे बौद्ध अवशेषही गेले. गेले म्हणजे जमिनीवरून केव्हाच गेले होते, कागदावरून 2024 मध्ये गेले.

आता दुसरे टोक बघा. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, एक हत्ती आहे. जांभ्या कातळात खोदलेल्या रेषांचा. लांबी सुमारे 18 मीटर. जमिनीवर उभे राहून तो पुरा नजरेत मावत नाही, आणि त्याच्या पोटात व आजूबाजूला मासे, पक्षी, जनावरे यांची दाटी आहे. तो कुणी आणि कधी कोरला यावर अभ्यासकांचे एकमत झालेले नाही, पण या कातळशिल्पांचे वय मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे दहा-बारा हजार वर्षे मागे नेणारे जाणकार आहेत. बर्किलची कबर सरकारी छत्राखाली होती त्यातल्या बहुतेक काळात हा हत्ती कुठल्याच यादीत नव्हता. त्याच्या अंगावर गुरे चरत होती. नशीब, की फक्त गुरेच चरत होती.

आपल्याकडे वारसा जपणारे कायदे दुबळे आहेत, अशी ओरड नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. यादीत नाव असलेल्या दगडाभोवती हा कायदा इतका कडक आहे, की शेजारच्याला पडलेली भिंत उभी करणे मुश्कील. यादीबाहेर पाऊल टाकले की तो एकदम संपतो. या दोन टोकांच्या मध्ये जे काही असायला हवे होते ते आपण केलेच नाही.

०००

ही यादी आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. बंगालात 1810 साली आणि मद्रासेत 1817 साली कंपनी सरकारने जुन्या सार्वजनिक इमारतींत हस्तक्षेप करण्याचा अधिकार घेतला. 1861 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या हाताखाली पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झाले. आपल्या भागात जेम्स बर्जेस आणि त्यांच्यामागून हेन्री कझेन्स लेणी, देवळे, मशिदी, किल्ले पालथे घालत हिंडले. कझेन्स यांची मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांची सुधारित सूची 1897 साली छापून आली. जिल्हावार, तालुकावार अशी ती आहे आणि आजही उपयोगी पडते. तिच्यातल्या नोंदी वाचल्या की एका माणसाने किती पायपीट केली असेल याचा अंदाज येतो. पण ती त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेची सूची आहे, हेही खरे. कोरीव दगड, शिलालेख, घुमट, कमान असे काही दिसले की नोंद होई. उघड्या सड्यावर पायाखाली असलेले काही नोंदवावे, हे त्या नजरेत बसणारे नव्हते.

लॉर्ड कर्झन यांच्या काळात, 1904 साली, प्राचीन स्मारके जतन करण्याचा पहिला देशव्यापी कायदा झाला. कर्झनविषयी आपल्याकडे चांगले बोलायची पद्धत नाही, आणि वंगभंग करणाऱ्या माणसाबद्दल ती असूही नये. पण हा कायदा त्याने आग्रहाने केला आणि आजच्या व्यवस्थेची चौकट त्यातूनच आली. स्वातंत्र्यानंतर 1951 साली एका कायद्याने जुन्या याद्यांतली स्मारके एकगठ्ठा ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ ठरवण्यात आली. त्यानंतर 1958 साली आजचा मुख्य कायदा आला: प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम. किमान शंभर वर्षे जुनी वास्तू, लेणे, शिल्प, शिलालेख किंवा जुन्या वस्तीची जमीन राष्ट्रीय महत्त्वाची ठरवण्याचा अधिकार त्याने केंद्राला दिला.

गोची इथेच झाली. स्वतंत्र देशाने आपल्याला मोलाचे काय वाटते हे नव्याने ठरवलेच नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने जानेवारी 2023 मध्ये या विषयावर एक अहवाल काढला. यादीतल्या सुमारे 3,695 स्मारकांपैकी अडीच हजारांहून अधिक स्मारके इंग्रजी काळातल्या याद्यांमधून जशीच्या तशी उचललेली आहेत, असे त्यात दाखवून दिले आहे. पाऊणशेच्या आसपास तर इंग्रजांच्या कबरी आणि दफनभूमी आहेत. कबरींना माझा विरोध नाही. चौल-रेवदंड्याच्या किंवा सुरतेच्या जुन्या युरोपीय कबरी व्यापाराचा इतिहास सांगतात. पण प्रत्येक शिपायाची कबर राष्ट्रीय आणि कोकणातला एकही सडा राष्ट्रीय नाही, हा विवेक कुठला?

महाराष्ट्रात केंद्राच्या ताब्यात सुमारे 285 स्मारके आहेत. राज्याचा वेगळा कायदा 1960 सालचा, आणि त्याखालची स्मारके पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय सांभाळते. घटनेनेच ही वाटणी केली आहे: राष्ट्रीय ते केंद्राचे, बाकीचे राज्याचे, आणि उत्खननाच्या जागांचा विषय दोघांच्या सामाईक सूचीत. 11 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, ते योग्यच होते. मात्र त्या बारांमधले आठ केंद्राकडे आणि चार राज्याकडे आहेत. रायगडाला केंद्राचा कायदा लागू, राजगडाची भिस्त राज्याच्या कायद्यावर. साल्हेर, खांदेरी आणि प्रतापगडही राज्याकडे. युनेस्कोची पाटी लागल्याने भारतात कुठले नवे कलम लागू होत नाही. बुरुजाचा दगड निखळला तर तो परत बसवायचा की नाही, हे शेवटी आपल्याच दोनपैकी एका कार्यालयात ठरते.

०००

शंभर मीटरची गोष्ट पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. शनिवारवाड्याच्या तटापासून शंभर मीटरच्या आत ज्याचे घर आहे त्याला ती तोंडपाठ असते.

16 जून 1992 रोजी केंद्राने एक अधिसूचना काढली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर ‘प्रतिषिद्ध’ क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर ‘विनियमित’ क्षेत्र. पहिल्यात नवे बांधकाम बंद, दुसऱ्यात परवानगीने. प्रत्यक्षात पहिल्या शंभर मीटरमध्येही एका तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून परवानग्या दिल्या जात होत्या. ऑक्टोबर 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या समितीला कायद्याचा आधारच नसल्याचा निकाल दिला. सरकारची धावपळ झाली आणि 2010 साली कायद्यात दुरुस्ती आली. शंभर मीटरची अट आता अधिसूचनेत न राहता थेट कायद्यात गेली, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले, आणि स्मारकाची नासधूस केल्याची शिक्षा तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांवरून एक लाखापर्यंत वाढला.

या दुरुस्तीने कितीतरी स्मारके बिल्डरांच्या तावडीतून वाचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुण्यात पाताळेश्वराचे लेणे जंगली महाराज रस्त्यावर, शहराच्या सगळ्यात महागड्या जमिनीत आहे. कायद्याची रेघ नसती तर त्या खडकाच्या डोक्यावर काय उभे राहिले असते याची कल्पना कुणीही करू शकेल. मेट्रोचेही तेच. वनाज ते रामवाडी हा मार्ग आधी नगर रस्त्याने आगाखान पॅलेसच्या अंगावरून जाणार होता. महात्मा गांधींना जिथे नजरकैदेत ठेवले, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई जिथे गेले, ती ही वास्तू. राष्ट्रीय स्मारकापासून शंभर मीटरच्या आत खांब रोवता येत नाहीत म्हटल्यावर मार्ग कल्याणीनगरमधून वळवावा लागला. अशी सार्वजनिक कामे शंभर मीटरच्या आत करू द्यावीत म्हणून केंद्राने आणलेले दुरुस्ती विधेयक जानेवारी 2018 मध्ये लोकसभेत मंजूरही झाले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि त्याचा कायदा झाला नाही. बरे झाले, असे माझे मत.

पण याच रेघेच्या आत माणसे राहतात. शनिवार पेठेत, कसब्यात शंभर-दीडशे वर्षांचे वाडे आहेत, त्यांत भाडेकरू आहेत, वाटण्या झालेले भाऊबंद आहेत. 1992 पूर्वीच्या घराला दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते, त्यासाठी अर्ज करायचा, प्राधिकरणाची परवानगी आणायची. पुनर्बांधणी मात्र दुरुस्तीत धरत नाहीत, कायद्याने स्पष्टच वगळली आहे. म्हणजे वाडा मोडकळीला आला तर टेकू लावा, कोसळला तर मोकळी जागा बघत बसा. शनिवारवाडा 1732 साली उभा राहिला, 1828 च्या आगीत आतला सगळा महाल जळून गेला, उरले ते तट, दरवाजे आणि जोती. ज्या पेठांनी त्या वाड्याला शेजार दिला, त्या पेठांतली लाकडी घरेही वारसाच आहेत. कायदा तट वाचवतो, आणि त्या तटाला अर्थ देणारी पेठ त्याच्याच आडकाठीमुळे खचत जाते.

यावर उतारा 2010 च्या दुरुस्तीत लिहून ठेवला आहे. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करायचे, म्हणजे तिथली उंची, उतार, दृष्टिरेषा, जुन्या घरांची ठेवण पाहून नियम ठरवायचे. डोंगरावरच्या लेण्याला शंभर मीटर कदाचित फार होतील, जिंजी किंवा सिंधुदुर्गासारख्या किल्ल्याला हजार मीटरही कमी पडतील. दीड दशक उलटले तरी बहुसंख्य स्मारकांचे उपविधी झालेले नाहीत. मग सगळ्यांना एकच फूटपट्टी. मुंबई महानगराने 1995 सालीच वारसा नियमावली करून इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी अशा श्रेणी दिल्या होत्या. पहिल्या श्रेणीला हात लावायचा नाही, तिसरीत आतून बदल करा पण रस्त्याचा चेहरा राखा. ती पद्धत निर्दोष नाही, भानगडी तिथेही झाल्या, पण ‘सगळे किंवा काहीच नाही’ याच्या पलीकडे जाता येते हे तिने दाखवले. केंद्राच्या व्यवस्थेला हे अजून जमलेले नाही.

०००

यादीत असलेल्यांचे तरी नीट चालले आहे का? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या पथकांनी पुरातत्त्व विभागाच्या माणसांना बरोबर घेऊन 1,655 स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली. 2013 सालचा तो अहवाल. 92 स्मारके जागेवर नव्हती. विभागाने नंतर काही शोधून काढली. त्यानंतर संसदेच्या स्थायी समितीला सांगण्यात आले, की 14 शहरांच्या वाढीत नाहीशी झाली, 12 धरणांच्या पाण्याखाली गेली, आणि 24 चा काही पत्ता नाही. राखणीचा हिशेबही समितीपुढे आला. सुमारे 7,000 रखवालदारांची गरज, मिळाले 2,578, आणि तेही 248 ठिकाणी. म्हणजे देशभरातल्या तीन हजारांहून अधिक राष्ट्रीय स्मारकांवर पूर्णवेळ कुणीच नाही. गावाबाहेरच्या टेकाडावर निळी पाटी असते, तिच्यावर कायद्याचे कलम आणि दंडाची रक्कम असते, त्या पाटीच्याच आधाराने कुणीतरी शेळ्या बांधलेल्या असतात. पाटी म्हणजे संरक्षण, हा सरकारी समज फार जुना आहे.

०००

आता सड्यावर येऊ.

कोकणात गाव साधारणपणे उतारावर, पाण्याच्या जवळ, माडाच्या सावलीत असते. चढून वर गेले की सडा लागतो: जांभ्याचे मैलभर उघडे पठार. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, इवलीइवली फुले येतात, गवत वाढते. दिवाळीनंतर गवत कापले जाते आणि सडा काळा-तांबडा, तापलेला पडून राहतो. त्याच वेळी रेषा दिसायला लागतात. गावातल्या गुराख्यांना त्या पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. पांडवांचे काम म्हणून सांगत. बाहेरच्या जगाला त्यांचे मोल कळायला खूप वेळ लागला.

त्यांच्या शोधाचे काम सरकारी खात्याने सुरू केले नाही. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी निसर्गयात्री संस्थेच्या माध्यमातून गावोगाव फिरून, माणसांना विचारून सडे धुंडाळले. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे, कुडोपी इथली शिल्पे पुढे आणली. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळच्या कातळावरचे बैल, हरणे आणि चक्रव्यूह 1993 साली उजेडात आले होते, आणि गोवा सरकारने ते संरक्षित केले. रत्नागिरीतला आकडा मात्र बघता बघता शेकड्यांवरून हजारावर गेला. हत्ती, वाघ, गेंडा, शार्क, माणसे. गेंड्याचे चित्र बघून पर्यावरणाचे अभ्यासक चक्रावतात, कारण आज कोकणात गेंडा नाही. काही ठिकाणी दोन्ही हातांनी दोन वाघ थोपवून धरणारा माणूस आहे. कुणी म्हणेल सिंधू संस्कृतीतल्या मुद्रांवर असेच दृश्य आहे. साम्य आहे खरे, पण त्यावरून एवढ्यात नाते जुळवायची घाई नको.

मार्च 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ‘कोकणातील कातळशिल्पे’ दाखल झाली. नऊ ठिकाणे: रत्नागिरी जिल्ह्यातली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरुण आणि उक्षी, सिंधुदुर्गातले कुडोपी, आणि गोव्यातले फणसमाळ. आणि त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी केंद्राला जागा सुचवली होती ती बारसूची. एकाच सरकारच्या एका टेबलावरून जागतिक वारशासाठी बारसू जाते, दुसऱ्या टेबलावरून रिफायनरीसाठी बारसू जाते, आणि या दोन टेबलांमध्ये एखादी साधी चिठ्ठीसुद्धा गेली असेल असे वाटत नाही. एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाला विरोध करत गावकरी, बायामाणसे सड्यावर आडवी झाली, पोलीस आले, देशभर बातम्या झाल्या. तिथला वाद जमिनीचा, आंब्याचा, मासेमारीचा, हवापाण्याचा होता. कातळशिल्पे त्या वादात एक मुद्दा होती, पहिला नव्हे. पण त्या निमित्ताने एक गोष्ट उघडी पडली. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठी 2006 च्या अधिसूचनेखाली जो अर्ज भरायचा असतो त्यात पंधरा किलोमीटरच्या परिघातल्या, कायद्याने किंवा आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित अशा सांस्कृतिक मोलाच्या जागा विचारल्या जातात. संरक्षित! जी अजून संरक्षित नाहीत, जी कुणी मोजलीच नाहीत, त्यांच्यासाठी रकान्यात ‘निरंक’ लिहिले की काम झाले.

सड्याचा घात करणारा मोठा शत्रू मात्र रिफायनरी नाही. तो लहान आहे आणि रोजचा आहे. चिरेखाण. कोकणातली घरे जांभ्या चिऱ्यांची, आणि चिरा निघतो सड्यातूनच. पूर्वी पहारीने आणि टिकावाने काढायचे, आता यंत्राची पाती लावून एका दिवसात शेकडो चिरे पडतात. दुसरा शत्रू कलमबाग. कातळ फोडून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूस लावायचा. हा उद्योग कष्टाचा आहे, त्यावर घरे चालतात, त्याला नावे ठेवायची नाहीत. तिसरा म्हणजे रस्ते आणि प्लॉट. या तिघांपैकी कुणीही मुद्दाम शिल्प फोडत नाही. जेसीबीच्या चालकाला खाली रेषा आहेत हे माहीत नसते, आणि मालकाला सांगणारे कुणी नसते.

इथे महसुली दप्तराचा वाटा आहे, त्याकडे पुरातत्त्ववाल्यांचे फारसे लक्ष जात नाही. सड्याची जमीन सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेली असते, लागवडीला नालायक. उद्योगाला जागा हवी झाली की सगळ्यात आधी अशीच जमीन शोधतात, कारण ती स्वस्त पडते आणि विरोध कमी होईल असे वाटते. बऱ्याच सड्यांच्या उताऱ्यावर डझनभर सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यातले निम्मे मुंबईत. अशा जमिनीत शिल्प सापडले की मालकाला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते, ती समजण्यासारखी आहे. सरकार जमीन घेणार, भरपाई कधी मिळणार देव जाणे, शंभर मीटरमध्ये गोठासुद्धा बांधता येणार नाही. ज्या कायद्याने त्याने शिल्प सांभाळावे अशी अपेक्षा आहे, तोच कायदा त्याला ते लपवायला शिकवतो. मला विचाराल तर पहिली सुधारणा दिल्लीत नव्हे, तलाठ्याच्या दप्तरात व्हावी. सापडलेल्या प्रत्येक शिल्पाची सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद, नकाशावर खूण, आणि गौण खनिजाचा परवाना देताना ती नोंद पाहण्याचे बंधन. जमीन मालकाचीच राहील, गवत तोच कापील, वर काही वार्षिक मोबदलाही मिळावा. एवढ्याने निम्मे काम होईल.

उक्षीने तर कायद्याची वाटच पाहिली नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या या गावात हत्तीचे शिल्प आहे. ग्रामपंचायतीने पुढाकार घेऊन त्याभोवती चिऱ्यांचे गोल कुंपण बांधले, बघायला येणाऱ्यांसाठी सोय केली. कातळशिल्प गावाने आपणहून जपल्याचे ते सुरुवातीच्या काळातले ठळक उदाहरण. देवी हसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच चौकोनी कोरीव रचना आहे, तिथे देवीच्या निमित्ताने लोक येतात आणि त्यांच्या श्रद्धेनेच जागा राखली जाते. अशी राखण कुठल्याही रखवालदारापेक्षा भरवशाची.

०००

गावाच्या राखणीचीही दुसरी बाजू आहे. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत वेशीवर, देवळाच्या पारावर वीरगळ आणि सतीशिळा उभ्या आहेत. गाय-वासरू, सूर्य-चंद्र, खाली लढाई, वर स्वर्ग. कुठे त्यांना शेंदूर फासून देव केले आहे, कुठे पायरीला उलट्या बसवल्या आहेत, कुठे त्यांच्यावर धुणे आपटतात. गावाकडे पैसा आला की देवळाचा जीर्णोद्धार निघतो. चुन्यातली भिंत सिमेंटने लिंपतात. चुना श्वास घेतो, सिमेंट ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. शिल्पांना ऑइलपेंट लागतो, गाभाऱ्याला स्नानगृहात शोभतील अशा फरशा लागतात, आणि जुने नक्षीचे दगड मागच्या ओढ्यात जातात. 1972 च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी दगडी मूर्ती बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते, निर्यातीला बंदी आहे. ओढ्यात टाकायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

किल्ल्यांवर श्रमदान करणाऱ्या तरुणांविषयी बोलताना जपून बोलावे लागते, कारण त्यांच्याइतके प्रेम कुणाचे नाही. दर रविवारी पाठीवर घमेली-फावडी घेऊन चढणारी ही मुले नसती तर कित्येक वाटा बुजल्या असत्या. पण टाक्यातला गाळ उपसताना त्या गाळातच खापरे, नाणी, तोफगोळे थरांनी पडलेले असतात. ते थर न नोंदवता उपसले की पाणी मिळते आणि इतिहास जातो. राज्यात ‘महाराष्ट्र वैभव’ नावाची स्मारक संगोपन योजना 2007 पासून आहे, संस्थांना राज्य संरक्षित स्मारक देखभालीसाठी घेता येते. संचालनालयाने प्रत्येक श्रमदान गटाबरोबर निदान एक शिकलेला पुरातत्त्वाचा विद्यार्थी दिला, तरी या प्रेमाला शिस्त लागेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून दरवर्षी अशी मुले बाहेर पडतात आणि नोकरीसाठी वणवण करतात.

धरणांनी बुडवले त्याचा हिशेब तर आपण कधी मांडलाच नाही. आंध्रात नागार्जुनसागर होण्याआधी 1954 ते 1960 या काळात नागार्जुनकोंड्याचे खोरे खोदून काढले, मुख्य अवशेष उचलून बेटावर पुन्हा मांडले. देशाने ठरवले तर होते, याचा तो पुरावा. आपल्या उजनीत पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाण्यात गेले. उन्हाळ्यात धरण आटले की ते वर येते, लोक होड्यांनी बघायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, पावसात पुन्हा बुडते. फ्रान्समध्ये रस्ता किंवा कारखाना उभारण्याआधी जमीन तपासायची, गरज पडली तर उत्खनन करायचे आणि खर्च बांधणाऱ्याने सोसायचा, असा कायदा 2001 पासून आहे. इंग्लंडात 1990 पासून नियोजनाच्या धोरणात हेच आहे. आपल्याकडे समृद्धी महामार्ग सातशे किलोमीटर धावला. त्याच्या वाटेत किती पांढरीची (जुन्या वस्तीची) टेकाडे होती, हे त्याआधी पद्धतशीर तपासण्याचे बंधन कुठल्या कायद्यात होते? यादीतल्या स्मारकांपासून दूर राहा, एवढेच.

आणि पांढरीच्या टेकाडात काय असते ते दायमाबादने दाखवले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाची चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. वजन साठ किलोंहून जास्त. भंगारात विकली गेली असती तर आपल्याला कळलेही नसते. 1878 चा भूमिगत धनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, असे तो सांगतो. ही दहा रुपयांची मर्यादा राणीच्या राज्यात घातली, तिला कुणी हात लावलेला नाही. शेतकऱ्याला त्यातले फक्त पोलीस आणि तहसील दिसतात. कायद्यात सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

या सगळ्यात वाचकाने काय करावे? सरकार एखादे स्थळ संरक्षित करण्याची अधिसूचना काढते तेव्हा हरकती-सूचनांसाठी केंद्रीय कायद्याप्रमाणे दोन महिने मिळतात. त्या मुदतीत लिहिणारे बहुतेक जमीनमालक किंवा बिल्डर असतात. तुम्हीही लिहा, बाजूने लिहा. दिवाळीत गावी जाल तेव्हा सड्यावर, टेकाडावर, वेशीवर एक फेरी मारा. काही दिसले तर छायाचित्र काढा, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि त्याची प्रत पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा, एक प्रत तहसीलदारालाही. रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरू नका, पाय ठेवून फोटो काढू नका, खापर खिशात घालू नका. आणि तुमच्याच नावावर तो सडा असेल, तर चिरेखाणीचा करार करण्यापूर्वी एकदा पावसाळा संपल्यावर, गवत कापल्यावर, पूर्ण फिरून पाहा.